कोपऱ्याशेजारची बांधी

शनिवारी सकाळची शाळा सुटली की गावातली बाकीची पोरं तलावाकडे धूम ठोकायची. सातआठ जण मात्र दप्तर पाठीला तसंच ठेवून वर्गात परत येऊन बसायचे. कोणी बोलावत नसे, हजेरीही नसे. अल्का मॅडम फळ्यावर एक गणित लिहायच्या आणि आठवडाभर ते तसंच राहायचं. उत्तर त्या सांगत नसत. पोरांनी डोकं खाजवायचं, भांडायचं, घरी भाकर खाताना बोटानं ताटात रेघा मारून आईच्या शिव्या खायच्या, आणि पुढच्या शनिवारी येऊन बोलायचं.

या वर्गाचा नियम एकच होता. जो उत्तर देईल त्याला "कायले?", म्हणजे "का?", असं कोणीही विचारू शकतो, आणि विचारलं की कारण द्यावंच लागतं. कारण नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी चूक. म्हणून पोरांनी त्याचं नावच पाडलं होतं, कायलेचा वर्ग. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडच्या त्या खेड्यात गणित म्हणजे पाढे आणि छडी असंच सगळे समजून होते. पाचवी ते सातवीच्या पोरांना असलं गणित देणारी बाई पहिल्यांदाच आली होती, आणि पोरं तिच्यावर जीव टाकत होती. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते एखाद्या दुष्ट बाईनं केलं असतं तर मला ही गोष्ट लिहायची गरज पडली नसती.

त्या शनिवारी फळ्यावर एक शेत होतं. पाच ओळी, दर ओळीत पाच बांध्या. आपल्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं असतात तशाच, मध्ये धुरे, म्हणजे मातीचे बांध. सुरुवात करायची ती कोपऱ्याच्या शेजारच्या बांधीतून. एका बांधीतून धुरा ओलांडून लगतच्या बांधीत जायचं, तिरपं जायचं नाही, आणि प्रत्येक बांधीत एकदाच पाय ठेवून सगळं शेत फिरायचं. वाट दाखवा.

हिमांशु सहावीत होता, तोंडाचा पट्टा सैल. त्यानं आठवडाभरात दोन पेन्सिली झिजवल्या होत्या. "मॅडम, दरवेळी एक बांधी राहूनच जाते. बस, थोडं अजून लावलं का जमते."

"नाही जमत," खुशबू म्हणाली.

खुशबू सातवीत. बौद्ध मोहल्ल्यातली, बाप ट्रकवर, आई वारल्यापासून आजीजवळ राहणारी. ती उठून फळ्याजवळ गेली.

"कायले?" सगळे एका सुरात ओरडले.

"एका बांधीत पानी आहे असं समजा, तिच्या बाजूची कोरडी, मग पुन्हा पान्याची. असं करत गेलं तं चारही कोपरे पान्याचे येतात. पान्याच्या तेरा, कोरड्या बारा. आता पाऊल टाकलं का पान्यातून कोरड्यात, नाही तं कोरड्यातून पान्यात. सुरुवात कोपऱ्याच्या बाजूनं, म्हणजे कोरडीतून. मग शेवट बी कोरडीतच येते. म्हणजे कोरड्या एक जास्त पायजेत. त्या तं एक कमी आहेत. वाट सापडत नाही असं नाही हिमांशु, वाट नाहीच."

 मंजूनं, म्हणजे मॅडमच्या जेठाच्या, मोठ्या दिराच्या मुलीनं, बोटावर पुन्हा मोजून पाहिलं आणि मान हलवली. अल्का मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्या खडू शोधू लागल्या.

त्याच महिन्यात मॅडमनी जिल्ह्याच्या गणित स्पर्धेसाठी तिघांची नावं दिली. खुशबू, मंजू आणि हिमांशु. स्पर्धा पाचवी ते सातवीच्या पोरांची, तिघांनी मिळून एकेक अवघड गणित सोडवायचं. जिंकणाऱ्या चमूला उन्हाळ्यात नागपूरला शिबिर, तिथे कॉलेजचे प्राध्यापक शिकवणार. मंजू आणि हिमांशुला पुढचं वर्ष होतं. खुशबूचं हे शेवटचं. आठवीला हायस्कूल, तिथे असला वर्ग नाही, असली मॅडम नाही, आणि मोहल्ल्यातल्या पोरींचं आठवीनंतर काय होतं ते तिला दिसत होतं. नागपूरचं शिबिर हे तिच्या मनात एक दार होऊन बसलं होतं.

आता मॅडमच्या घराकडे जाऊ.

अल्काचं सासर म्हणजे गावातलं जुनं कास्तकार घर. गावचा तलाव याच घराच्या पूर्वजांनी बांधलेला, त्याचा मान अजून होता. नवरा उमराव स्वभावानं गरीब, आईपुढे तोंड न उघडणारा. आई कुंदाबाई, घराची मालकीण. बायको मास्तरीण आहे याचा उमरावला अभिमान होता, सासूलाही होता. पण महिन्यातले ते दिवस आले की मास्तरीण परसातल्या खोलीत. गोठ्याला लागून असलेली ती कुडाची खोली, एक गोधडी, पाण्याचा एक वेगळा गडवा, एक पालथं घातलेलं ताट. चहा वरून ओतायचा, भाकर वरून टाकायची. शाळेत सरस्वतीची तसबीर, म्हणून शाळा बंद. पुस्तक म्हणजे विद्या, म्हणून पुस्तकही बंद.

"मी जुलूम करतो का तुह्यावर?" कुंदाबाई म्हणायची. "माह्या सासूनं तं मले गोठ्यातच ठेवलं होतं. तुले दार आहे, खिडकी आहे. आराम कर ना बाप्पा."

अल्का आराम करत नसे. पुस्तक नाही, पेन नाही, म्हणून ती सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडायची. उलटसुलट करायची, मोडायची, पुन्हा मांडायची. वर्गातली सगळी चांगली गणितं तिथेच जन्माला आली होती. पाच ओळींचं ते शेतही तिथलंच. पोरांना हे माहीत नव्हतं.

पोरांना दुसरंच काहीतरी कळलं होतं. पोरं कायलेच्या वर्गातली, त्यांना सगळीकडे नमुने दिसू लागले होते. एकदा हिमांशुनं फळ्यावर स्वतःच गणित लिहिलं: मॅडम दर महिन्यात काही दिवस येत नाहीत. पुढच्या महिन्यात कधी येणार नाहीत, आणि कायले? पहिल्या भागाचं उत्तर पोरांनी काढलंही होतं, आणि ते बरोबर होतं.

मॅडम वर्गात आल्या, फळा वाचला आणि कानशिलापर्यंत लाल झाल्या. त्यांनी हातानंच फळा पुसला, डस्टरही घेतलं नाही. "हे गणित नाही," त्या म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी टाळलेलं "कायले?" ते एवढंच.  खुशबूला कारण कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की हे पुसायचं कशाला.

तिच्या घरी हे कोणी पुसत नसे. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आजी रुक्माबाईनं तिला न्हाऊ घातलं, मुरमुऱ्याचा चिवडा केला आणि सांगितलं, "हे आंगाचं काम आहे पोरी. नाक वाहते तसं. लाजायचं नाही, लपवायचं नाही, चुलीपासून दूर बसायचं नाही. आमी सारं सोडलं तवाच हे बी सोडलं. दुखलं तं सांगजो, कपडा पायजे तं मागजो."

पोरीनं ते तसंच्या तसं मनात ठेवलं. तिची चूक झाली असेल तर एवढीच. जगात सगळी घरं आपल्या आजीच्या घरासारखी नसतात, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

स्पर्धेच्या दिवशी जानेवारीची थंडी मी म्हणत होती. रामलालची जीप ठरवली होती. रुक्माबाईनं नातीला आपली चांगली शाल दिली आणि मॅडमना म्हणाली, "बाई, तुह्या भरोशावर धाडून राहिली."

"काळजी करू नका आजी. माझीच पोरगी आहे ती," अल्का मॅडम म्हणाल्या. हे खोटं नव्हतं. म्हणून तर अंगावर काटा येतो.

जीपमध्ये तिघांचं भांडण चालू होतं, नागपूरला गेलं तर खिडकीची जागा कोणाची. कोहमाऱ्याला रामलालनं ढाब्यावर गाडी थांबवली. हिमांशुनं आलूबोंडा मागवला. खुशबू मागच्या बाजूला जाऊन आली आणि मॅडमजवळ येऊन, पेन्सिल मागावी तशा आवाजात म्हणाली, "मॅडम, माझी पाळी आली. कपडा नाही आणला. मेडिकलमधून पॅड घेऊन द्या ना."

रामलाल एकदम टायर पाहू लागला. हिमांशुला काहीच कळलं नाही, तो बोंडा खात राहिला. मंजूनं मान खाली घातली. अल्का मॅडमच्या हातातला चहा साडीवर सांडला. त्यांनी पोरीला बाजूला ओढलं, मेडिकलमधून पुडकं आणलं, कागदात आणि वरून काळ्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि हळूच म्हणाल्या, "असं चारचौघांत बोलायचं नसतं."

"काऊन मॅडम?"

"नसतं बोलायचं. बस."

ती बसली. तिला जरा नवल वाटलं, पण स्पर्धेच्या नादात ती ते विसरलीही. गोंदियाजवळचं गोरेगाव येईपर्यंत ती हिमांशुला पान्याची-कोरडी पुन्हा समजावून सांगत होती.

स्पर्धा होती गोंदियाच्या अलीकडे, एका देवस्थानाच्या सभागृहात. कमान, कमानीच्या आत अंगण, डावीकडे देऊळ, उजवीकडे सभागृह. मध्ये चांगलं ऐसपैस अंतर. जिल्ह्यातून आलेली पोरं इकडेतिकडे पळत होती.

कमानीपाशी अल्का मॅडमचे पाय थबकले.

त्यांच्या मनात काय आलं ते सांगतो. पहिलं आलं, देवाची जागा आहे, माझ्या हातून विटाळ नको. दुसरं आलं, घरी जाऊन मंजूनं आजीला सांगितलं तर सासू मला घरात घेईल का. तिसरं आलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितोच: त्यांच्यात काही पाळत नाहीत म्हणून तिला काही वाटत नाही, पण मला तर कळतं ना. वर्षभर जिला लेक म्हटलं, ती एका क्षणात 'त्यांच्यातली' झाली.

"खुशबू, तू इथे चिंचेखाली बस जरा," त्या म्हणाल्या. "आत नावं लिहून येते, मग बोलावते तुला."

"बरं मॅडम."

ती शाल गुंडाळून चिंचेखाली बसली. मांडीवर कंपास. मंजूनं जाता जाता मागे वळून पाहिलं, तर खुशबूनं तिला हात केला.

दारातल्या टेबलाशी चैतराम सर नावं लिहून घेत होते. ते या स्पर्धेचे आयोजक. "तिसरी कुठं आहे मॅडम?"

"तिला ताप भरला हो वाटेत. अंग फणफणतं आहे. दोघंच बसतील." अल्का मॅडमनी हे इतक्या सहज सांगितलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. शेजारी उभ्या मंजूनं ते ऐकलं. ती काही बोलली नाही. कुंदाबाईच्या घरात पोरी लवकर गप्प बसायला शिकतात.

घंटा झाली. अंगण रिकामं झालं. सभागृहाचं दार लोटलं गेलं. खुशबू वाट पाहत राहिली. आता येतील, नावं लिहायला वेळ लागत असेल, गर्दी आहे. तिनं पेन्सिलीला टोक केलं. मग पुन्हा केलं. मॅडम विसरणार नाहीत, एवढं तिला पक्कं माहीत होतं. उठून दारापर्यंत जावं असं दोनदा मनात आलं, पण मॅडमनी बस म्हटलं होतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मॅडम नव्हत्या. चैतराम सर होते. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा आणि एक गोळी.

"कसं वाटून राहिलं बेटा आता? घे, काही खाऊन गोळी घे. ताप उतरला का?"

खुशबू त्यांच्याकडे पाहत राहिली. "कोनाले ताप आहे सर?"

"तुला ना? तुझ्या मॅडम म्हणाल्या."

ती पोरगी हुशार होती. एवढंच गणित तिला पुरेसं होतं. काळी पिशवी, चारचौघांत बोलायचं नसतं, चिंच, ताप. सगळं एका ओळीत येऊन बसलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग अगदी शांत झाला.

"मले ताप नाही सर. माझी पाळी चालू आहे. म्हनून मॅडमनं मले बाहेर बसवलं."

चैतराम सर गांगरले. त्यांनी देवळाकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं, हातातल्या गोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण... आम्ही तर कोणाला काही विचारलंच नाही. हा हॉल आहे बेटा. इथं लग्नं लागतात, जेवणावळी होतात. तू आली असती तर कोण काय म्हणणार होतं?"

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. दारावर कोणी उभं नव्हतं. पाटी नव्हती. पुजारी नव्हता. त्या पोरीला कोणीच अडवणार नव्हतं. अडवणारं जे होतं ते गावाहून जीपमध्ये बसून तिच्या शेजारीच आलं होतं.

"आता येऊ का सर?" खुशबूनं विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आत शेवटची घंटा झाली.

 परतीच्या जीपमध्ये हिमांशुलाच राहवलं नाही. शेवटचं गणित कसं वाटेचंच होतं, एका ठिकाणाहून निघून सगळी घरं फिरायची, आणि ते दोघं कसे नुसत्या वाटा शोधत बसले, ते सांगू लागला. "पान्याची-कोरडी आठवली होती, पण नीट बसलीच नाही. तू पायजे होतीस, नंबर आला असता."

खुशबू खिडकीबाहेर लाखोळीची डाळ पेरलेल्या बांध्या पाहत होती. कोहमाऱ्याला मॅडमनी तिच्यासाठी जिलेबी आणली. तिनं ती हिमांशुला दिली.

पुढच्या शनिवारी ती कायलेच्या वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी अल्का मॅडम स्वतः मोहल्ल्यात गेल्या. रुक्माबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं बाज टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. पाहुण्याचा मान राखला, पण हसली नाही.

"आजी, माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या.

रुक्माबाईनं सूप खाली ठेवलं. "बाई, आमच्या बापजाद्यांले लोकं बाहेर बसवत होते. विहिरीच्या बाहेर, शाळेच्या बाहेर. मले बी बसवलं आहे. पन ते लोकं आमचे नव्हते, तं तेवढं लागत नव्हतं. तू तं आमची होतीस."

खुशबू दारात येऊन उभी राहिली होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "चल ना बेटा वर्गात. सगळे वाट पाहतात."

"तुमी म्हनाल्या होत्या, कायले विचारलं का कारण देणं लागते," खुशबू म्हणाली. "मले बाहेर बसवलं. कायले, मॅडम?"

"मला भीती वाटली."

"कोनाची?"

मॅडम सांगायला गेल्या, सासूची. पण सासू त्या कमानीपासून कितीतरी कोसांवर होती. देवाची म्हणावं, तर देवानं काही विचारलं नव्हतं. लोकांची म्हणावं, तर लोकांना गणितापुढे काही सुचत नव्हतं.  चहावर साय धरली.

"मग हे उत्तर नाही झालं," खुशबू म्हणाली आणि आत गेली.

महिना भरला. अल्काचे ते दिवस आले. ती सकाळी उठली, न्हाली, साडी नेसली आणि परसाकडे न जाता पुढच्या दाराशी आली. कुंदाबाई तुळशीला पाणी घालत होती. सुनेच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं आणि तिला कळलं. इतक्या वर्षांत सासूला ते न सांगता कळायचं.

"कुठं चालली?"

"शाळेत."

"आज?"

"आजच."

"सरस्वतीची तसबीर आहे तिथं."

"ती पण बाईच आहे," अल्का म्हणाली.  उमराव ओसरीवर पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं नाही, पण मान वरही केली नाही. ती त्याच्यासमोरून निघून गेली.

दिवस शनिवारचाच होता. शाळा सुटल्यावर पोरं परत येऊन बसली आणि एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्या हिशेबानं आज मॅडम यायलाच नको होत्या. मॅडमनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: मॅडम दर महिन्यात काही दिवस येत नव्हत्या. कायले?

"मॅडम, हे तं तुमी पुसलं होतं," हिमांशु म्हणाला.

"हो. चुकून पुसलं होतं."

आणि त्यांनी उत्तर दिलं. पाळी म्हणजे काय ते सांगितलं, परसातली खोली सांगितली, चिंचोके सांगितले, कमानीपाशी चिंचेखाली बसवलेली पोरगी सांगितली, ताप सांगितला. कोणी हसलं नाही.  बसायच्या पट्टीवर खुशबूच्या जागी कोणी बसलं नव्हतं. सगळं बोलून झाल्यावर मॅडमची नजर तिथेच गेली.

वर्ग सुटताच मंजू धावत मोहल्ल्यात गेली. खुशबू परसात शेणी थापत होती. मंजूनं एका दमात सगळं सांगितलं, मॅडम आज आल्या, मॅडमनी फळ्यावर लिहिलं, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. खुशबूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातली शेणी भिंतीला लावली.

"हे त्या दिवशी हॉलच्या दारात मॅडमनं काऊन नाही सांगितलं?" तिनं विचारलं. "नागपूरचं तं गेलंच ना माझं."

 मंजू घरी परतली. सुनेनं दिवस न पाळल्यामुळे घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. परसात मात्र खराट्याचा आवाज येत होता. कुंदाबाई ती खोली झाडत होती. नवी गोधडी घातली होती, गडवा घासून ठेवला होता, ताट पालथं घालून ठेवलं होतं.

"तुह्या काकूनं तं सारी रीत सोडली," कुंदाबाई नातीला म्हणाली. "जाऊ दे. तुही वेळ येऊन राहिली आता. तू तं आजीचं ऐकशील ना?"

मंजू उंबऱ्यावर उभी राहिली. या घरात ती आजवर कधी आजीच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली नव्हती. सभागृहाच्या दारात ती गप्प राहिली होती.

"आजी," ती म्हणाली, "कायले?"